कपड्यांपुरती डच

बेळगावात, शहापुरातल्या आमच्या गल्लीत मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की मी डच शिकते आहे ती कोट घ्यायला. लेक हॉलंडला, तिकडची थंडी हाडात शिरणारी, आपल्याकडचा स्वेटर तिथं पुरायचा नाही, तेव्हा पोचल्या पोचल्या एक चांगला कोट घ्यायचा आणि तो आपल्या तोंडानं मागून घ्यायचा. लोकांना हे पटलं. उभा जन्म प्राथमिक शाळेत पोरांवर ओरडण्यात घालवलेली बाई, निवृत्तीनंतर हिला असलं काहीतरी खूळ लागणारच, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. समोरच्या घरातली एक म्हणालीसुद्धा, "बाई, तिकडं इंग्लिश चालतंय की सगळीकडं. आनि कोटाला कशाला एवढं पाठांतर? बोट दाखवलं की देत्यात." मी म्हटलं, मला बोट दाखवून मागायला आवडत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की बाई कोटासाठी परीक्षेला बसणार आहेत.

कोटाचं सगळं खोटं होतं. माझ्या लेकीला दिवस गेले होते, आणि ही गोष्ट बेळगावात फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला माहीत होती. निपाणीला माझी थोरली बहीण आहे, आमची आक्का. माझी दाढ दुखली तरी तिला त्याच दिवशी कळतं. तिलाही आम्ही सांगितलं नव्हतं. कारण हे दुसऱ्यांदा होतं. पहिल्या वेळी आम्ही आनंदानं सगळीकडे सांगत सुटलो होतो, आणि मग एकेकाला फोन करून बाळ गेल्याचं सांगावं लागलं. तसले फोन पुन्हा करायची ताकद आमच्या दोघांतही उरली नव्हती.

त्या पहिल्या वेळी लेकीनं पाचव्या महिन्यातच सगळी खरेदी केली होती. तिकडची पद्धतच तशी. व्हिडिओ कॉलवर एकेक कपडा पलंगावर मांडून तिनं मला दाखवला. पिवळा, पांढरा, एकावर हत्तीचं चित्र. मोजे तर माझ्या अंगठ्याला बसतील एवढेच. मीही हौसेनं बघितलं. आमच्याकडे असं करत नाहीत. बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही घरात आणायचं नाही, झबलं नाही, टोपडं नाही. जन्मल्यावर आधी कुणाच्या तरी धडधाकट पोराचे वापरलेले कपडे घालायचे, जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळायचं, आणि मग नवं. हे मला ठाऊक होतं, पण माझा त्यावर विश्वास नव्हता. ग्रहणाच्या वेळी पोरांना शाळेच्या अंगणात उभं करून सगळ्यांदेखत डबे खायला लावणारी बाई मी. पुढच्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, ते मला समजलं आणि पटलंही.

आणि तरी या वेळी लेक फोनवर म्हणाली, "आई, परत हाय," तेव्हा आनंद व्हायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे ते पलंगावर मांडलेले पिवळे कपडे आले. हिनं या वेळी काही आणू नये, एवढंच मनात आलं. विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. भीती मात्र होती, आणि ती काही माझ्या विश्वासाला विचारून आलेली नव्हती. पण हे तिला सांगायचं कसं? "आत्ताच काही घेऊ नकोस" असं मी म्हटलं, की तिला ऐकू जाणार, "तेव्हा घेतलंस म्हणून गेलं." असं काही मी तिला मेले तरी ऐकवणार नव्हते. म्हणून मी आडवाट काढली. म्हटलं, "हे बघ, बाळंतपणाला मी येणारच हाय. कपडे मी घेणार. बाळ झालं की त्याच दिवशी दुकानात जाऊन आणीन. आजीचा मान हाय तो. दुकानात काय बोलायचं तेवढं तू मला शिकव."

मला वाटलं होतं ती भांडेल. ही मुलगी माझ्यावर गेली आहे. भाजीत मीठ किती घालायचं यावरही ती आधी नाही म्हणते आणि मग विचार करते. तिकडे सगळं आधी तयार ठेवावं लागतं, दवाखान्यात पिशवी भरून न्यावी लागते, तू नव्या देशात एकटी दुकानात कशी जाशील, असं ती म्हणणार आणि त्या प्रत्येकाला द्यायचं उत्तर मी मनात मांडून ठेवलं होतं. ती नुसती म्हणाली, "बरं."

त्या "बरं"नं माझी झोप उडवली. मी हेतू ओळखू दिला की काय? तिलाही तीच भीती आहे की काय? की माझं मन राखायला म्हणाली आणि आत कपाट भरून ठेवणार आहे? मी ह्यांना विचारलं. हे मच्छे गावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मशीन बंद पडलं की आधी चहा घेणारे. म्हणाले, "बरं म्हंजे बरं. त्येच्यात आनि काय असतंय?" अशा माणसाशी संसार करताना मला आयुष्यभर दुप्पट काळजी करावी लागली आहे, कारण त्यांच्या वाटणीचीही मीच करते.

मग मी शिकायला लागले. बसून शिकणं मला जमत नाही. जांबोटीच्या शाळेत होते तेव्हा बसची वाट बघत उभं राहण्यापेक्षा मी पुढच्या गावाकडे चालत सुटायची, आणि बस मागून येऊन मला धुरळ्यात सोडून पुढे जायची. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत. त्याच पायांनी आता गच्चीवर येरझाऱ्या सुरू झाल्या. फोन हातात, वायर कानात, वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत मी म्हणायची, "इक झूक एन यास." मी कोट शोधते आहे. "माख इक दित पासन?" हे घालून बघू का? "ते ख्रोट." फार मोठं आहे. "ते क्लाइन." फार लहान आहे. यातला "ख" घशाच्या तळातून काढायचा असतो, घास अडकल्यावर काढतो तसा. खालून हे ओरडायचे, "अगं, पानी पी की जरा!"

पहिल्याच धड्यात एक वाक्य होतं, त्यानं मी हबकले. दुकानात शिरल्यावर कुणी मदत करू का म्हणून आलं, तर म्हणायचं, "इक काइक अलेन एवन." मी नुसती बघते आहे. आता हे शहापुरात कुणी म्हणून दाखवावं. आमच्याकडे कापडाच्या दुकानात शिरलं की आधी बसायचं. चपला बाहेर, बूड गादीवर. मग दुकानदार पुढ्यात एकावर एक घड्या उलगडत जाणार, तुम्ही नाक मुरडत जाणार, तो चहा मागवणार, तुम्ही नको नको म्हणत पिणार, आणि ढीग गुडघ्याएवढा झाला की तुम्हाला आठवणार की पहिलंच चांगलं होतं. नुसती बघते आहे म्हटलं, तर तो म्हणेल, "बघा की आक्का, बघायला आनि काय पैसे पडत्यात व्हय?" आणि आणखी दहा उलगडेल. तिथं म्हणे कुणी काही उलगडून दाखवत नाही. आपण उभ्या उभ्या फिरायचं, आपणच काढायचं, आपणच नीट परत अडकवायचं. मला वाटलं, ही खरेदी म्हणायची की भांडार तपासणी?

दर रविवारी दुपारी लेकीबरोबर तालीम व्हायची. ती दुकानदार, मी गिऱ्हाईक. तिचा चेहरा फोनमध्ये थोडा सुजलेला दिसायचा आणि मी तो आधी डोळ्यांनी तपासून घ्यायची, मग धडा. तिथं माझी एक विचित्र पंचाईत झाली. आमच्या भागातल्या माणसाला परकी भाषा म्हणजे कन्नड. कचेरीच्या खिडकीपुढे उभं राहिलं, कंडक्टरनं हात पुढे केला, की तोंड आपोआप बदलतं. चाळीस वर्षांची सवय. त्यामुळे लेक दुकानदार झाली की केवढ्याला म्हणून "हूफेल कॉस्त दित" विचारायच्या ऐवजी मी ठणठणीत आवाजात कन्नडमध्ये विचारायची, "एष्टु?" मला हा हवा आहे म्हणायचं तर "बेकु" बाहेर पडायचं. एकदा तर मी अर्धं वाक्य डच आणि अर्धं कन्नड करून शेवटी "री" लावला, आदर म्हणून. लेक हसली. पार खोकला येईपर्यंत हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला अशी हसताना ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर पुढच्या दोन रविवारी मी ती चूक मुद्दाम केली.

पण फोन ठेवला की पुन्हा तेच. तिनं काही घेतलं नसेल ना? विचारता येत नव्हतं. तारीख कितवी दिली आहे, हेही मी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. "हिवाळ्यात" एवढंच आम्ही दोघी बोलायचो, एखाद्या पिकाबद्दल बोलावं तसं. मी कॅलेंडरपुढून जाताना मान दुसरीकडे करायची. दिवसभर काही ना काही काढायची. डबे घासले. माळा उतरवला. माझी दोन जुनी सुती लुगडी, वापरून वापरून मऊ झालेली, कापून दुपटी शिवली, आणि ती कुणाला दिसू नयेत म्हणून बॅगेत तळाशी घातली.

त्याच दिवसांत एकदा निपाणीला आक्काकडे गेले. घरात करमत नव्हतं, दुसरं कारण नाही. तिच्या नातवंडाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गुटगुटीत, आवाजाला खणखणीत. परड्यात दोरीवर त्याचे जुने कपडे वाळत होते, त्याला आता न होणारे, कुणाला तरी द्यायचे म्हणून धुऊन काढलेले. धुऊन धुऊन रंग गेलेली ती झबली वाऱ्यावर हलत होती आणि मी त्यांच्यापुढे उभी होते. माझ्या नातवंडाला पहिल्या दिवशी अंगावर घालायला याहून चांगलं काय मिळालं असतं? नुसतं "आक्का, ह्यातली दोन दे" म्हणायचं. पण म्हटलं की कळलं.

"काय बघायलीस गं?" आक्का मागून आली.

"काय न्हाय. ऊन चांगलं हाय."

"तुझं चित्त थाऱ्यावर न्हाय. चहा तसाच गार केलास. लेक बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की. कोट घ्यायचा म्हनतीया मला."

आक्कानं माझ्याकडे बघितलं. तिनं ओळखलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिनं दोरीवरचे कपडे काढले, घडी घातली आणि आत नेऊन ठेवले. मी दुपारच्याच गाडीनं परत निघाले. जेवायलाही थांबले नाही. गाडीत कंडक्टरनं "यल्ली?" म्हणून कुठं जायचं ते विचारलं, तेव्हा बेळगावी म्हणायच्या जागी माझ्या तोंडात "इक झूक" आलं. त्यानं माझ्याकडे बघून बेळगावचंच तिकीट फाडलं आणि पुढे गेला.

आता ज्या रविवारबद्दल सांगायचं आहे तो. त्या आठवड्यात माझा धडा होता घेतलेली वस्तू परत करण्याचा. मी तो जोरात पाठ केला होता. सात महिने होऊन गेले होते, माझा व्हिसा आला होता, अंगात थोडा हुरूप होता. फोन लागल्या लागल्या मी लेकीला म्हटलं, आज गंमत, आज मी तुझ्या दुकानात भांडायला आलीय. आणि सुरू केलं, "इक विल दित तरुख ब्रेंगन." मला हे परत करायचं आहे.

तिनं आता दुकानदार म्हणून विचारायचं होतं, पावती आहे का. ती काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मी फोन हलवला, वाक्य पुन्हा म्हटलं. मग ती बोलायला लागली. तिनं दुकानदाराचं वाक्य म्हटलं, मग माझंही तिनंच म्हटलं, मग पुन्हा दुकानदाराचं. "हेफ्त यू द बॉन नॉख? या. वास एर ईत्स मिस मे?" एका दमात, खालमानेनं, कुठं न अडखळता. पावती आहे का, हो, काही खराबी होती का. माझ्या धड्यापेक्षा तिची वाक्यं लांब होती आणि त्यात धड्यात नसलेले शब्द होते. धड्यातून कुणी असं शिकत नाही. पस्तीस वर्षं मी पोरांचं पाठांतर ऐकलं आहे, पाठ केलेलं आणि बोलून आलेलं यांतला फरक मला कळतो.

"तू परत करायला गेलतीस?" मी विचारलं.

"व्हय."

"एकटीच?"

"तुझ्या जावयाला सांगितलं न्हवतं. तो कामावर गेलता. कपाट उघडायलाच नको वाटायचं, आई. सगळं पिशवीत भरलं आनि गेले."

"आनि त्यांनी विचारलं?"

"विचारत्यातच. तिथं सगळ्यांनाच विचारत्यात. कॉम्प्युटरमधे कारण लिवावं लागतंय." ती थांबली. "मी साईज चुकला म्हनून सांगितलं."

मी उभी होते ती गच्चीच्या कठड्यावर बसले. लेक रडत नव्हती. मीच रडत होते, आणि फोन बाजूला धरला होता तरी तिला ते कळत असणार. ती मुलगी, पोट रिकामं झालेली, हातात ती पिशवी घेऊन, परक्या भाषेत, एका अनोळखी बाईपुढे रांगेत उभी राहिली होती. आणि मी इकडे काय करत होते, तर बहुतेक देवळात नाहीतर भाजीला. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मला मराठी येतं, कन्नड येतं, हिंदी येतं, इंग्लिश चालवून घेण्याएवढं येतं. यातल्या कुठल्याच भाषेत तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

तीच म्हणाली, "म्हनून तू घेते म्हटलीस तवा मला बरं वाटलं. मला त्या दुकानात न्हाय जायचं. तू जा. मी घरात एक मोजासुद्धा आनलेला न्हाय."

म्हणजे तिचं ते "बरं" हे होतं. मी तिच्यापासून माझी भीती लपवत होते आणि ती माझ्यापासून तिची. मी म्हटलं, "जाईन. तू न्हाय जायचं." मी पदरानं डोळे पुसले. शेवटी तिनंच विचारलं, "आता पुढचा धडा कुठला?" मी म्हटलं, रंगांचा.

त्यानंतर मी शिकायला लागले ती वेगळीच. आधी तो एक बहाणा होता, बोलता न येणारं झाकायला शोधलेला. आता हे काम होतं. तिच्या जागी मला त्या दुकानात उभं राहायचं होतं आणि कुणाला मध्ये घ्यायचं नव्हतं. गच्ची अपुरी पडली. मी पहाटे किल्ल्याच्या तळ्याला वळसा घालत रंग म्हणायची, मापं म्हणायची, लोकर, सूत, बटण, नाडी. ह्यांना एक दिवस बरोबर नेलं तर मध्येच बसले बाकावर. म्हणाले, "तू म्हन. मी हितनं ऐकतो." परत येताना मात्र म्हणाले, "ती चांगली बोलतीया न्हवं फोनवर?" मी म्हटलं, बोलतेय. ह्यांनी एवढंच विचारलं, पण इतक्या वर्षांत ते आपणहून विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या बॅगेचं कुलूप त्यांनी तेल घालून ठेवलं होतं, हे मला विमानतळावर कळलं.

तिकडे पोचले तेव्हा झाडांवर पान नव्हतं. लेकीला बघितलं आणि आधी पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिचं घर नीटनेटकं, उबदार, आणि आतल्या खोलीत एक लहान पांढरं कपाट. मी पहिल्याच दिवशी उघडलं. रिकामं. तिथली सुईण घरी येते, सायकलवरून. तिनं बाळाचं काय काय तयार आहे ते दाखवा म्हटलं, तर लेकीनं तेच रिकामं कपाट उघडून दाखवलं आणि माझ्याकडे बोट केलं. सुईण जरा गोंधळली. तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, बाळ आल्यावर खरेदी करणार? आमच्याकडची पद्धत आहे, असं लेक शांतपणे म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी सुईणीला उगाच माझे सगळे रंग म्हणून दाखवले.

वाट बघण्याचे ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मी त्यांचं घर दोनदा पुसून काढायची. कोपऱ्यावरच्या त्या कपड्यांच्या दुकानापर्यंत जाऊन पाटी वाचून परत यायची, आत पाऊल टाकायची नाही. जावई बिचारा शहाणा, तो काही विचारायचा नाही. माझ्यासाठी कोट त्यानंच आणला, मला न विचारता, आणि तो मला अगदी बरोबर बसला. एवढी पाठ केलेली वाक्यं पहिल्याच आठवड्यात फुकट गेली.

मग ते झालं. दवाखान्यात सकाळ उजाडायच्या सुमाराला माझ्या हातात एक गुंडाळी दिली, माझ्याच लुगड्याच्या दुपट्यातली, आणि त्या गुंडाळीनं तोंड वाकडं करून असा आवाज काढला, की मला आक्काचं परडं आठवलं. मुलगी. लेक थकून हसत होती. जावई फोनवर ह्यांना सांगत होता आणि त्याला बोलता येत नव्हतं, तर पलीकडून ह्यांचा आवाज आला, "व्हय का? व्हय का?" तेवढंच, चार वेळा. मला तिथं थांबवेना. लेक म्हणाली, "आई, जा आता. दुकान उघडलं असंल."

मी चालत गेले. जवळजवळ पळतच. पाय थंडीनं बधिर, डोक्यावर पदर, वर तो कोट. आत शिरले. कुणी बसा म्हटलं नाही, कुणी काही उलगडलं नाही. सगळीकडे इवले इवले कपडे टांगलेले, आणि मला कशाला हात लावावा कळेना. इतक्यात एक तरुण पोरगी आली, गळ्यात दुकानाचं कार्ड, आणि काहीतरी मदतीचं विचारलं. आणि माझ्या तोंडून, पहिल्या धड्यापासून घोकलेलं, खाडकन बाहेर पडलं, "इक काइक अलेन एवन." मी नुसती बघते आहे. ती गोड हसली आणि निघून गेली.

मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. मग तिच्या मागे गेले, "री, री," करत. ती वळली. मग मात्र मला सगळं आठवलं. लहान. अगदी लहान. सुती. मऊ. पिवळा नको. ती एकेक काढत गेली आणि मी हात लावून बघत गेले. हातात चार कपडे झाले. एक पांढरं, एक फिकट हिरवं, कानटोपी, मोजे. ती माझ्याशी इंग्लिश बोलायला गेली नाही, हळूहळू डचच बोलत राहिली, चांगली पोरगी. घडी घालता घालता तिनं सहज विचारलं, "वानेर कॉम्त द बेबी?"

हे माझ्या कुठल्याच धड्यात नव्हतं. पण कळलं. बाळ कधी येणार? त्या दुकानात रोज तेच विचारत असणार, कारण तिथं येणाऱ्या सगळ्यांचं बाळ यायचं असतं. एवढे महिने हा प्रश्न आम्ही कुणाला विचारू दिला नव्हता, गल्लीत नाही, निपाणीला नाही, आम्ही एकमेकींनाही नाही. मी तिच्याकडे बघितलं.

"आली," मी म्हणाले. मराठीतच. मग भानावर येऊन, "झे इस एर. फानदाख." ती आली आहे. आज.

त्या पोरीनं घडी टाकली आणि दोन्ही हात तोंडावर नेले. माझ्या तोंडून ही बातमी ऐकणारी ती पहिली. ती काहीतरी लांबलचक बोलली, मला एक अक्षर कळलं नाही, आणि मी पुन्हा म्हणाले, आली. मोठ्यानं. मागं रांगेत एक म्हातारी बाई उभी होती, हातात तिची स्वतःची खरेदी धरून. मी मागे वळून तिलाही सांगितलं. तिनं काही विचारलंसुद्धा नव्हतं.